काळ्या दाण्यातले द्रव्य

बाजरी फुलोऱ्यात असताना आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिले, झिमझिम पाऊस लागला, की काही कणसांवर मधासारखे चिकट, गुलाबीसर थेंब दिसू लागतात. माशा-मुंगळे त्यांच्याभोवती जमतात. पुढे त्याच जागी दाण्याऐवजी एक काळपट, कठीण गाठ धरते. शेतकरी मंडळींना हे मी सांगायला नको. कृषिखात्याची माणसे या रोगाला अरगट म्हणतात. शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला आणि फ्रेंचांच्या बोलीत त्याचा अर्थ होता कोंबड्याच्या पायाला मागे असतो तो काटा. युरोपात राई नावाचे एक धान्य पिकते. आपल्या फोडणीतल्या मोहरीशी त्या राईचा काही संबंध नाही बरं का. ती गव्हाच्या जातकुळीतली. तिच्या ओंबीतून असाच काळा काटा बाहेर डोकावतो, म्हणून हे नाव.

या काळ्या काट्यातून निघालेल्या एका द्रव्याची हकीगत आज सांगायची आहे. त्याचे नाव अर्गोथायोनीन. नाव अवघड आहे, पण ज्याने ते दिले त्याने सरळ हिशेबाने दिले: अरगटात सापडले म्हणून ‘अर्गो’, आणि त्यात गंधक आहे म्हणून ‘थायो’, गंधकाला ग्रीक भाषेत ‘थिऑन’ म्हणतात. अलीकडे अळंबीची भुकटी आणि गोळ्या बाजारात येतात आणि डबीवर ‘भरपूर अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले असते. अळंबीतल्या ज्या द्रव्यांच्या जिवावर ही ग्वाही दिली जाते, त्यांत हे अर्गोथायोनीन पहिल्या पंक्तीला बसते. ते कोणाला कसे सापडले, त्याच्याविषयी काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे एकदा समजून घेतले म्हणजे ती डबी हाती आल्यावर पैसे मोजायचे की नाही ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

अरगटाची पहिली ओळख माणसाला झाली ती विषाची. मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीत गरिबांचे पोट राईच्या पावावर चाले. ओल्या सालात काळे दाणे पिठात जात आणि गावेच्या गावे आजारी पडत. हातापायांत आग आग होई, बोटे काळी पडून गळून जात. काहींना झटके येत, भ्रम होई. लोक याला ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. या रोग्यांची सेवा करण्यासाठी १०९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये अँथनीच्या नावाने साधूंचा एक पंथच निघाला. त्यांच्या मठात रोगी बरे होत, याचे एक साधे कारण असे सांगतात की तिथे त्यांना चांगल्या धान्याचा पाव मिळे. पण दोष धान्यात आहे हे ओळखायला पुढे पाच-सहाशे वर्षे लागली. १६७६ साली दोदार नावाच्या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहून काळ्या राईकडे बोट दाखवले. आणि हा दाणा मुळी दाणाच नव्हे, ती एका बुरशीची झोपेतली अवस्था आहे, हे १८५३ मध्ये त्युलान या शास्त्रज्ञाने तिचे सारे जीवनचक्र मांडून दाखवले. जमिनीत पडलेल्या त्या काळ्या काट्याला वसंत ऋतूत बारीक देठाची, टाचणीच्या डोक्याएवढी भूछत्रे फुटतात. म्हणजे अरगट आणि आपली पावसाळ्यातली अळंबी, दोन्ही बुरशीवर्गाचीच अपत्ये. एक लांबची, एक जवळची, एवढाच फरक.

ही गोष्ट परदेशातच राहिली असती तर बरे होते. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय लेखात, त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन पसरलेल्या विषबाधेची साथ नोंदलेली आहे. १९७५ मध्ये राजस्थानात तेच घडले. बाजरीवरची बुरशी राईवरच्या बुरशीची चुलत बहीण. तिच्या विषाने बोटे झडत नाहीत, पण मळमळ, ओकाऱ्या, चक्कर आणि गुंगी येते. उपाय घरातलाच आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतावे; रोगट गाठी हलक्या, त्या वर तरंगतात, त्या काढून जाळाव्यात, आणि तळाचे बी दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. आता मूळ विषयाकडे वळू.

विष असले तरी अरगट औषधवाल्यांनी टाकून दिला नव्हता. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला सुइणी तो वापरीत. पण मात्रा जरा चुकली की आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेते. म्हणून त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे काढून मापात द्यावे, या खटपटीला एकोणिसाव्या शतकातले अनेक रसायनज्ञ लागले. त्यांतला एक शार्ल तान्रे. हा विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे, औषधांचे दुकान चालवणारा फ्रेंच माणूस. १८७५ मध्ये त्याने अरगटातून अर्गोटिनीन हे द्रव्य स्फटिकरूपात काढले. १८८९ मध्ये त्याच अरगटातून एक मेणचट पदार्थ काढला, तो अर्गोस्टेरॉल. या दुसऱ्या पदार्थावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचे ड जीवनसत्त्व बनते, हे पुढच्या पिढीने शोधले आणि त्या संशोधनाच्या मानकऱ्यांपैकी विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अळंबीतही अर्गोस्टेरॉल असते. म्हणून चिरलेली अळंबी काही वेळ उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. आणि १९०९ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, तान्रेने त्याच काळ्या दाण्यातून तिसरे द्रव्य काढले: आपले अर्गोथायोनीन. चौतीस वर्षे एकाच जिनसाच्या मागे! मोठमोठ्या संस्थांच्या इमारती पाहून शास्त्र तिथेच होते असे वाटू लागते, तेव्हा मला या दुकानदाराची आठवण होते.

दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, लंडनच्या जॉर्ज बार्जर आणि युइन्स यांनी या द्रव्याची रचना उलगडली. आपल्या अन्नातल्या प्रथिनांत हिस्टिडीन नावाचा एक घटक असतो. त्याच्याच अंगावर गंधकाचा एक अणू बसवलेला, अशी ती रचना निघाली. पण हे द्रव्य ना विषारी, ना बाळंतिणीच्या कामाचे. ज्या औषधाचा शोध चालू होता ते अर्गोमेट्रीन १९३५ मध्ये हाती आले आणि त्याने असंख्य आयांचे प्राण वाचवले. अर्गोथायोनीन मात्र कपाटातल्या बाटलीवरचे एक नाव होऊन राहिले.

तिथून ते बाहेर आले ते एका चुकणाऱ्या परीक्षेमुळे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना बेनेडिक्टचे नाव ठाऊक असेल. निळ्या द्रावणात साखर टाकून तापवले की विटकरी रंग येतो, ती परीक्षा याच स्टॅन्ली बेनेडिक्टची. अमेरिकेतला हा गृहस्थ रक्तातले यूरिक आम्ल मोजण्याच्या पद्धतीवरही काम करीत होता. वातरक्ताच्या रोग्याच्या रक्तात हे आम्ल वाढते, म्हणून ते नेमके मोजणे डॉक्टरांना हवे होते. रक्तात एक द्रव टाकायचा, निळा रंग येईल. रंग जितका गडद तितके आम्ल जास्त. पण हिशेब जमेना. आम्ल असायला हवे त्याहून रंग गडद येई. रक्तात आणखी कोणीतरी तोच निळा रंग देत होते. कॅनडात टोरांटो येथे हंटर आणि ईगल्स यांनी १९२५ मध्ये डुकराच्या रक्तातून हा लबाड सोबती वेगळा काढला. बेनेडिक्टच्या मंडळींनाही तो मिळाला आणि त्यांनी त्याला थायासीन असे नवे नाव देऊन टाकले. १९२६ मध्ये रचना तपासली, तर हा थायासीन म्हणजे तान्रेचे अर्गोथायोनीनच! राईच्या रोगट दाण्यातले द्रव्य, आणि ते निरोगी प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत. माणसाच्या रक्तातही ते होतेच.

आता तुम्हीच विचार करा: ते तिथे आले कुठून? शरीर स्वतः बनवते, की बाहेरून येते? हा प्रश्न सुटायला १९५० नंतरचे दशक उजाडावे लागले. प्राण्यांच्या आहाराशी खेळून पाहिले तेव्हा दिसले, की खाण्यात हे द्रव्य असेल तसे रक्तात वरखाली होते. शरीर ते बनवीत नाही. मग बनवते कोण? १९५६ मध्ये किरणोत्सारी कार्बनची खूण केलेले खाद्य अरगटाच्या बुरशीला देऊन पाहिले, तेव्हा ती खूण अर्गोथायोनीनमध्ये उतरलेली सापडली. बुरशी ते स्वतः घडवते. पुढे इतर बुरशा आणि काही जिवाणू, त्यांत क्षयाच्या जिवाणूच्या कुळातले देखील, ते घडवतात असे दिसून आले. वनस्पतींना ते जमत नाही. त्यांच्यात जे थोडेफार असते ते मातीतल्या बुरशी-जिवाणूंकडून मुळांवाटे आलेले. धान्यातून, भाजीतून, दूध-मांसातून आपल्याला मिळते ते हेच उसने धन. सर्वांत मोठी ठेव अर्थात बुरशीच्याच घरी, म्हणजे अळंबीत.

याच १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक विचार मांडला. ऑक्सिजनशिवाय आपण जगत नाही. पण तोच ऑक्सिजन शरीराला हळूहळू झिजवतो आणि म्हातारपण आणतो, असा त्याचा कयास. नांगराचा फाळ कोपऱ्यात पडून गंजतो, तेल डब्यात राहून खवट होते, चिरलेले वांगे काळे पडते. या तिन्ही ठिकाणी हवेतला ऑक्सिजनच काम करीत असतो. शरीरातही ऑक्सिजनपासून काही उनाड कण सुटतात आणि पेशींच्या भिंतींना, गुणसूत्रांना डसतात. या क्रियेला जो आवर घालतो तो अँटिऑक्सिडंट. मराठीत ऑक्सिडीकरणरोधक म्हणावे लागेल, पण हा शब्द तोंडात बसणारा नाही. अर्गोथायोनीनमधला गंधक हे काम चांगले करतो असे परीक्षानळीत दिसले. शिवाय त्याचा एक विशेष असा, की इतर गंधकी द्रव्ये हवेत सहज विटतात तसे हे विटत नाही, आणि शिजवण्याच्या उष्णतेलाही ते पुरून उरते.

एवढे असूनही शास्त्रज्ञांचे त्याच्यावरून लक्ष उडाले. कारण हे द्रव्य आहारात नसल्याने बेरीबेरी किंवा स्कर्व्हीसारखा ठळक रोग जडतो असे काही आढळले नाही. ज्याच्या अभावाने काही बिघडताना दिसत नाही, त्याची विचारपूस कोण करणार?

विचारपूस झाली ती २००५ मध्ये, जर्मनीतल्या कोलोन येथे. पेशीच्या भिंतीत निरनिराळ्या पदार्थांसाठी निरनिराळी दारे असतात. अशा एका दाराचा पत्ता शास्त्रज्ञांना आधीच लागला होता, पण ते नक्की कोणासाठी आहे हे कळत नव्हते. ज्या पदार्थांची नावे घेतली जात ते त्यातून रडतखडत जात. ग्रुंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातले पदार्थ एकेक करून पारखले आणि त्यांना आढळले, की हे दार अर्गोथायोनीनसाठी आहे. इतर पदार्थांच्या शंभरपटीहून अधिक सहजतेने ते आत जाते, आणि ज्या पेशीला हे दार नाही तिच्यात ते जवळजवळ शिरतच नाही. ज्या पाहुण्यासाठी घरात खास दार ठेवले आहे, तो अगदीच उपरा नसणार! २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हे दार नसलेले उंदीर तयार केले. ते जन्मले, वाढले. पण त्यांच्या अंगात अर्गोथायोनीन औषधालाही उरले नाही, आणि आतड्याचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पुन्हा जोडला तेव्हा ते इतर उंदरांइतका तग धरू शकले नाहीत.

यानंतर मात्र धावपळ सुरू झाली. सिंगापूरमध्ये २०१६ साली दिसले, की वय वाढते तसे रक्तातले हे द्रव्य कमी होते, आणि ज्या वृद्धांची स्मरणशक्ती ढासळू लागली आहे त्यांच्यात ते आणखी कमी असते. २०१८ मध्ये ब्रूस एम्स या नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञाने याला ‘दीर्घायुष्याचे जीवनसत्त्व’ म्हणावे असे सुचवले. २०२० मध्ये स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या ३,२३६ माणसांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर नजर ठेवली होती. सुरुवातीला घेतलेल्या रक्तात ज्यांच्याकडे अर्गोथायोनीन जास्त होते, त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण कमी भरले.

डबीवाल्यांना एवढे पुरे झाले. आपल्याला पुरे होता कामा नये. माल्मोच्या लोकांना कोणी अर्गोथायोनीनच्या गोळ्या दिल्या नव्हत्या. ज्यांच्या रक्तात ते जास्त होते, ते कदाचित एकंदरीतच सकस खाणारे लोक असतील. ज्याच्या अंगणात बैलजोडी बांधलेली असते त्याचे घर सहसा पक्के असते. म्हणून बैल बांधले की घर पक्के होते असे कोणी म्हणत नाही. आणि या बाबतीत एक कटू अनुभव जगाच्या गाठीशी आहे. गाजरातले बीटा-कॅरोटीन हेही नावाजलेले अँटिऑक्सिडंट. ते भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसत असे. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना नुसत्या दिखाऊ. १९९४ मध्ये निकाल लागला. गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. परीक्षानळीतला गुण शरीरात उतरेलच असे नाही. कधी तो उलटतो. अर्गोथायोनीन माणसाला अपायकारक आहे असे पुढे आलेले नाही, हे खरे. पण त्याने अमुक रोग बरा होतो असेही सिद्ध झालेले नाही. तसे छापलेली डबी मी तरी परत ठेवून देईन.

आपल्याकडेही औषधी बुरशीची ओळख जुनी आहे. सुश्रुताने गवताच्या काडावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि भुईवर उगवणारी छत्रे वेगवेगळी सांगितली आहेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर फणसाच्या जुन्या खोडाला लाकडासारखी कठीण बुरशी धरते; तिला फणसांबा किंवा फणसोंबा म्हणतात. लहान मुलाची लाळ फार गळते, तोंड येते, तेव्हा ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याची रीत आहे. या जातीच्या बुरशीच्या अर्कांतही प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट गुण मोजले गेले आहेत. पण फिनलंडची गोष्ट इथेही लागू आहे. आजीबाईच्या बटव्यातली असो की कारखान्यातली, कसोटी एकच.

अन्न म्हणून अळंबी खावी, यात मात्र वाद नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या विद्यापीठात तेरा जातींची अळंबी तपासली. एक ग्रॅम वाळलेल्या अळंबीत अर्गोथायोनीन ०.१५ पासून ७.२७ मिलिग्रॅमपर्यंत भरले. सर्वांत वर होती युरोपच्या जंगलातली पोर्चिनी. पांढरी बटन अळंबी तळाशी असते. आपल्याकडे गव्हाच्या आणि भाताच्या काडावर शेडमध्ये घेतली जाते ती धिंगरी तिच्यापेक्षा बरीच वर. हे द्रव्य पाण्यात विरघळते, तेव्हा अळंबी उकडून पाणी फेकून देणाऱ्या सुगरणीने ते रश्श्यात घालावे. मात्र हे सारे लागवडीच्या अळंबीविषयी. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी, विदर्भात सात्या म्हणतात ती, ज्यांना पिढ्यान् पिढ्या ओळखता येते त्यांनीच आणावी. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, लसूण रंग बदलतो की नाही, असल्या परीक्षांवर विसंबून विषारी छत्री खाल्लेली माणसे दगावली आहेत. शाळेत मुलांना हे एक जरी सांगितले तरी काम झाले.

शेतकऱ्यांच्या कामाची आणखी एक गोष्ट याच विद्यापीठातून २०२१ मध्ये आली. मका, सोयाबीन आणि ओट यांची पिके त्यांनी तीन तऱ्हेच्या रानात घेतली: एक खोल नांगरलेले, एक थोडेफार हलवलेले, एक मुळीच न नांगरलेले. मग दाण्यातले अर्गोथायोनीन मोजले. न नांगरलेल्या रानापेक्षा खोल नांगरटीच्या रानातल्या दाण्यांत ते सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. पिकाला हे द्रव्य मातीतल्या बुरशीकडून मिळते आणि नांगराच्या फाळाने बुरशीचे धागे तुटतात, असे त्यांचे अनुमान. त्यांची माती वेगळी, पिके वेगळी. आपल्या काळ्या रानात, बाजरी-ज्वारीच्या दाण्यात काय होते, हा प्रयोग आपल्याच कृषि विद्यापीठांनी करण्याजोगा आहे.